नाशिक जिल्ह्यातील शेती, वनहक्क आणि मत्स्यशेतीच्या योजना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निफाडचा द्राक्षबागायतदार, कसमादे (कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा) पट्ट्यातला डाळिंबवाला, येवल्याचा कांदा-मका करणारा, सुरगाण्याच्या डोंगरउतारावर नागली-वरई घेणारा आणि गिरणा धरणात जाळं टाकणारा, या सगळ्यांसाठी सरकारदरबारी शब्द एकच : लाभार्थी. पण प्रत्येकाचं खातं वेगळं, मुदत वेगळी, अडचणही वेगळी. गावच्या बैठकीत, बाजार समितीच्या ओट्यावर आणि सेतू केंद्राच्या रांगेत जे प्रश्न सतत कानावर येतात, ते इथे घेतले आहेत. यातल्या बहुतेक माणसांचा हक्क पात्रता नसल्यामुळे जात नाही, कागद हंगामाआधी तयार नसल्यामुळे जातो. म्हणून सुरुवात कागदांपासून.

कुठल्याही योजनेआधी हाताशी काय असायला हवं?

सातबारा, आठ-अ, आधारला जोडलेलं बँक खातं, चालू मोबाइल क्रमांक आणि शेतकरी ओळख क्रमांक म्हणजे फार्मर आयडी. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी हा क्रमांक बंधनकारक आहे. तो काढताना आपले सगळे गट जोडले गेलेत का, हे तिथेच बसून तपासा. दोन गावांत जमीन असेल तर एक गट हमखास राहून जातो आणि ते विमा भरताना कळतं.

नावातला फरकही आधीच मिटवा. सातबाऱ्यावर ‘बाळू’ आणि आधारवर ‘बाळासाहेब’ असेल तर संगणकाला ती दोन माणसं वाटतात.

आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी, कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. कागदावर ही नावं दिसली तर गोंधळू नका, आपले तलाठी आणि भाऊसाहेब तेच आहेत.

सातबारा अजून आजोबांच्या नावावर आहे. जमीन आम्हीच कसतो. काही मिळेल का?

वारस नोंद होईपर्यंत जवळपास काहीच नाही. आणि नोंद करायला वाटणी व्हावी लागते, हा गैरसमज आहे. आधी सगळ्या वारसांची नावं लावायची, वाटणी नंतर सवडीने. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे किंवा ऑनलाइन ई-हक्क प्रणालीवर अर्ज करता येतो. फेरफार धरल्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. मयत खातेदारांच्या वारसांसाठी सरकारने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीमही काढली.

बहिणींची नावं गाळून नोंद करायचा आग्रह काही घरांत धरला जातो. कायद्याने मुलगीही वारस आहे. नाव गाळलं तर पुढे कधीही हरकत येऊ शकते, आणि तोवर घेतलेलं कर्ज, विमा, अनुदान सगळं अडकतं. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या बहिणीने त्याच शेतात निंदणी-खुरपणी केली तिचं नाव उताऱ्यावर असायलाच हवं, असं मी मानतो.

ई-पीक पाहणी न केल्याने खरंच काही बिघडतं का?

सातबाऱ्यावर पिकाची नोंद याच पाहणीतून होते. २०२३ आठवा. त्या वर्षी १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान विकलेल्या लाल कांद्याला राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत अनुदान दिलं. अट होती सातबाऱ्यावर कांद्याच्या नोंदीची. लिलावाची पट्टी खिशात होती, कांदा विकल्याचं सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण उताऱ्यावर पीकच नव्हतं. अशा शेतकऱ्यांसाठी मग गावपातळीवर समित्या नेमून पडताळणी करावी लागली. तेव्हा सवलत मिळाली, दर वेळी मिळेलच असं धरून चालू नका.

पाहणी बांधावर उभं राहून, पिकाचा फोटो काढून, मोबाइल अ‍ॅपवर करायची असते. मिश्र पीक असेल तर दोन्हींची नोंद करा. विहीर, बोअर आणि बांधावरची झाडंही लावून घ्या.

पीएम किसानचा हप्ता गावात सगळ्यांना येतो, मला का नाही?

पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, २,००० चे तीन हप्ते. त्यावर राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीतून आणखी ६,०००. पीएम किसानला पात्र असाल तर नमोसाठी वेगळा अर्ज लागत नाही.

अडकण्याची कारणं ठरावीक आहेत : ई-केवायसी राहिलेली, खातं आधारला न जोडलेलं, किंवा जमिनीची नोंद पोर्टलवर न पडलेली. याशिवाय एक कारण पुष्कळांना माहीत नसतं. जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी तुमच्या नावावर असावी लागते. त्यानंतर खरेदीने किंवा वाटणीने नाव लागलं असेल तर लाभ नाही. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने लागलं असेल तर मात्र आहे. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालील मुलं, आणि एका कुटुंबात लाभ एकालाच. आयकर भरणारे, बहुतेक सरकारी नोकरदार आणि दरमहा १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारे वगळलेले आहेत.

एक रुपयात विमा बंद झाला. आता भरावा का?

एक रुपयाची सोय खरीप २०२३ पासून होती आणि २०२५ च्या खरिपात थांबली. आता शेतकऱ्याचा हिस्सा मूळ योजनेप्रमाणे : खरिपातल्या अन्नधान्य आणि तेलबियांना विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीत दीड टक्का, कांदा-कापसासारख्या नगदी पिकांना ५ टक्के.

हप्त्यापेक्षा मोठा बदल दुसराच झाला. त्याच निर्णयात राज्याने भरपाईचा पाया महसूल मंडळातल्या (काही गावांचा गट) पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक शेतांत पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर आणून ठेवला. म्हणजे ढगफुटीने फक्त तुमच्याच शेतातला मका वाहून गेला आणि बाकी मंडळात पीक बरं आलं, तर भरपाईची आशा कमी. ही त्रुटी आहे, आणि ग्रामसभेच्या ठरावातून, लोकप्रतिनिधींकडून ती वर पोहोचवत राहायला हवी. तरीही सिन्नर, नांदगाव, येवल्याच्या अवर्षणप्रवण मंडळांत विमा भरावा असंच मी सांगेन, कारण तिथे दुष्काळ पडतो तो एकट्या शेतावर नाही, पुऱ्या मंडळावर पडतो. पीक कापणी प्रयोग गावात कधी आणि कुठल्या गटात आहे ते विचारा आणि त्या दिवशी तिथे हजर राहा.

पीक कर्ज घेतलेल्यांनाही २०२० पासून विमा ऐच्छिक आहे. नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी बँकेला लेखी कळवावं लागतं, नाहीतर हप्ता आपोआप कापला जातो.

द्राक्षबागेवर गारा पडल्या. विमा कंपनी म्हणते गारपिटीचा विमाच नव्हता.

फळपिकांची योजना वेगळी, हवामानावर आधारित. तिच्यात बागेचं नुकसान मोजत नाहीत. मंडळातल्या हवामान केंद्रावर ठरलेल्या दिवसांत किती पाऊस झाला, पारा किती खाली गेला, यावर भरपाई ठरते. अवकाळी पाऊस आणि कमी तापमान मूळ विम्यात येतात. गारपिटीसाठी जादा हप्ता भरून वाढीव संरक्षण घ्यावं लागतं. अर्ज भरणारा केंद्रचालक तो रकाना रिकामा सोडतो आणि आपणही पावती न वाचता घडी घालतो. द्राक्षासाठी मुदत साधारण १५ ऑक्टोबर, म्हणजे ऐन गोडी छाटणीच्या गडबडीत. पावतीवर ‘गारपीट’ शब्द दिसेपर्यंत केंद्रातून उठू नका.

संरक्षण घेतलं असेल तर गारा पडल्यापासून ७२ तासांत कळवायचं असतं. केंद्र सरकारची मदत वाहिनी १४४४७. फोन केल्यावर तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

विमा नव्हता. पंचनामा झाला तर काही मिळतं का?

मिळतं. ही आपत्तीची मदत आहे, विम्याशी तिचा संबंध नाही. विमा असला तरी दोन्ही मिळू शकतात. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं. केंद्राच्या निकषांप्रमाणे हेक्टरी जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक फळबागेला २२,५०० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. मोठ्या आपत्तीत राज्य सरकार यात वेगळी भर घालतं. एका एकर द्राक्षाला लाखांत खर्च येतो. त्यापुढे ही रक्कम किती तोकडी आहे ते बागायतदाराला सांगायला नको. पण ती सोडूनही देऊ नका.

ठिबकचं अनुदान किती, आणि अर्ज करण्याआधी साहित्य घेतलं तर चालेल का?

अजिबात नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. आधी महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर अर्ज, मग निवड, मग पूर्वसंमती, त्यानंतर नोंदणीकृत विक्रेत्याकडून खरेदी आणि शेवटी मोका तपासणी, म्हणजे शेतावर येऊन पाहणी. बिलावरची तारीख पूर्वसंमतीच्या आधीची असेल तर अनुदान गेलं. ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, शेततळ्याचा प्लास्टिक कागद, सगळ्याला हीच चाल.

ठिबकला केंद्राचं अनुदान अल्प-अत्यल्पभूधारकांना ५५ आणि इतरांना ४५ टक्के. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेच्या पूरक अनुदानाने ते अनुक्रमे ८० आणि ७५ टक्क्यांपर्यंत जातं. ही टक्केवारी सरकारने ठरवलेल्या खर्चावर असते, दुकानदाराच्या बिलावर नाही. त्याच क्षेत्रावर पुन्हा लाभ सात वर्षांनी. आणि सुरुवातीला पूर्ण रक्कम खिशातून घालावी लागते, याची तजवीज आधी करा. पूर्वी सोडत निघायची. २०२५-२६ पासून प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य आहे, तेव्हा मागे राहू नका.

अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना आणि आदिवासींसाठी बिरसा मुंडा कृषी क्रांती योजना आहे. त्यांतून नवीन विहिरीला २०२४ पासून ४ लाख रुपयांपर्यंत मिळतात. पेठ-सुरगाण्यात पाऊस धो-धो पडून फेब्रुवारीत विहिरी कोरड्या होतात, तिथे या योजनेची फार गरज आहे आणि माहिती फार कमी.

कांद्याला हमीभाव का नाही?

केंद्र सरकार २२ पिकांचे हमीभाव जाहीर करतं, कांदा त्यात नाही. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था केंद्रासाठी कांदा घेतात तो भाव स्थिरीकरण निधीतून राखीव साठ्यासाठी. हेतू शहरात भाव चढले तर तो बाजारात ओतण्याचा. शेतकऱ्याला त्यातून कधी आधार मिळतो, पण तो त्या योजनेचा पाया नाही.

निर्यातीच्या धोरणाने काय होतं ते लासलगाव-पिंपळगावने नुकतंच पाहिलं. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आलं, डिसेंबर २०२३ मध्ये बंदीच झाली. मे २०२४ मध्ये किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्कासह बंदी उठली, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून पूर्ण गेलं. दीड वर्षात इतक्या वेळा नियम बदलल्यावर परदेशातला खरेदीदार दुसरीकडे वळतो आणि परत यायला वेळ घेतो. कांदा उत्पादकाला अनुदानापेक्षा जास्त गरज आहे ती धोरण हंगामभर न बदलण्याची. हे मत आमच्या भागातल्या जवळपास प्रत्येक उत्पादकाचं आहे, माझंही.

आपल्या हातात राहते ती साठवण. कांदाचाळीला फलोत्पादन अभियानातून ठरलेल्या खर्चमर्यादेच्या निम्म्यापर्यंत अनुदान मिळतं, अर्ज महाडीबीटीवर. चाळ उन्हाळ कांद्यासाठीच. लाल आणि रांगडा टिकत नाही, तो चाळीत भरून भावाची वाट पाहू नये. चाळीचा आकार, हवा खेळण्याची रचना आणि वाणांविषयी निफाड तालुक्यात चितेगावला राष्ट्रीय बागवानी संशोधन प्रतिष्ठान आहे, तिथे जाऊन बघा.

मका-सोयाबीन विकायची घाई आहे, भाव पडलेत. कर्जाऐवजी दुसरं काही?

शेतमाल तारण योजना. राज्य कृषी पणन मंडळाची, १९९० पासूनची. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा आणि किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम उचलायची, सहा महिन्यांसाठी, सहा टक्के व्याजाने. कांदा यात बसत नाही. तुमच्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का, ते काढणीआधीच विचारून ठेवा.

आम्ही वनजमीन कसतो. पट्टा कसा मिळेल आणि मिळाल्यावर काय?

२०१८ च्या मार्चमध्ये हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईला पायी निघाले. वनपट्टे ही त्यांची मुख्य मागणी होती. पायाला फोड आलेली ती माणसं सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणची होती, आणि ते मागत होते ते २००६ च्या वनहक्क कायद्यात लिहिलेलंच होतं.

कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ आधीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबाला चार हेक्टरांपर्यंत, प्रत्यक्ष ताब्याइतका हक्क मिळतो. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. दावा आधी ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे, मग उपविभागीय समितीकडे, शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे जातो. पुरावा म्हणून फक्त वनखात्याच्या दंडाच्या पावत्याच चालतात असं नाही. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब, जुनी विहीर, बांध, घराचे अवशेष हेही नियमांत मान्य आहेत. किमान दोन पुरावे जोडा.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. आणि पडताळणी पूर्ण होईपर्यंत ताब्यातून हटवता येत नाही, हे कलम ४(५) आहे. कोणी तोंडी सांगून खाचर सोडायला लावलं तर हे कलम दाखवा.

मिळालेला पट्टा वारसाने जातो, विकता येत नाही. लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. पट्टाधारक पीएम किसानला पात्र आहेत, हेही पुष्कळांना कोणी सांगितलेलं नसतं. वैयक्तिक पट्ट्याच्या पुढे जाऊन गावाने सामूहिक वनहक्काचा दावा जरूर करावा. मोह, हिरडा, बांबू, चराई आणि जंगल राखण्याचा अधिकार त्यातून ग्रामसभेकडे येतो.

नागली आणि भात कुठे विकायचा?

व्यापाऱ्याच्या दारात उतरवण्याआधी आदिवासी विकास महामंडळाच्या आधारभूत खरेदी केंद्रावर नोंदणी करा. महामंडळाचं मुख्यालय नाशिकलाच आहे. २०२५-२६ साठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आणि साधारण भाताचा २,३६९. पीक पाहणीत नोंद हवी, नाहीतर केंद्र नाव घेत नाही.

बिबट्याने गाय मारली. काय करायचं?

जनावर हलवू नका. ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवा, मदत क्रमांक १९२६. पशुवैद्यकीय अधिकारी आणि वनकर्मचारी पंचनामा करतात. गाय, म्हैस, बैलासाठी बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांतली कमी रक्कम. शेळी-मेंढीसाठी हीच मर्यादा १५,०००. माणसाचा मृत्यू झाल्यास कुटुंबाला २५ लाख, त्यांतले १० लाख लगेच आणि उरलेले मुदत ठेवीत.

गोदा-दारणा-कादवाकाठच्या उसात बिबट्या आता राहायलाच आला आहे, तिथेच पिल्लं होतात. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर हात लावू नका, काम थांबवा आणि वनविभागाला बोलवा. मादी रात्री पिल्लं घ्यायला येते. ती मिळाली नाहीत तर परिसर धोक्यात येतो. बंदिस्त गोठा आणि रात्रीऐवजी दिवसा पाणी भरण्याची सोय हा खरा बचाव आहे. शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी निफाड-सिन्नरच्या मळ्यांत जिवाची मागणी आहे.

बांधावर बांबू लावला तर तोडायला परवानगी लागेल?

नाही. २०१७ च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्यातल्या ‘झाडा’च्या व्याख्येतून निघाला. साग, खैर यांना मात्र परवानगी लागते.

शेततळं आहे. मासे सोडले तर परवडेल?

परवडतं, पण द्राक्षपट्ट्यात दोन गोष्टी तपासा. शेततळं बागेला लागून असेल तर फवारणीचे तुषार पाण्यात पडतात, आणि काही कीटकनाशकं, विशेषतः सिंथेटिक पायरेथ्रॉइड, माशांना अत्यंत विषारी आहेत. दुसरं, मे महिन्यात बागेसाठी तळं तळाला जातं. मग मासे त्याआधी काढावे लागतात. पावसाळ्यात बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडून उन्हाळ्याच्या तोंडाशी काढणी, हे गणित बसत असेल तर कटला, रोहू, मृगळ सोडा. गिफ्ट तिलापियाला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. थाई मांगूरवर बंदी आहे, कोणी स्वस्तात बीज आणून देत असला तरी घेऊ नका.

पंतप्रधान मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये आली. तिच्यात तळी, पिंजरे, बायोफ्लॉक (टाकीतली मत्स्यशेती) यांसाठी सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. मत्स्यशेतीसाठी किसान क्रेडिट कार्डही निघतं. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्यामुळे वीजदर, कर्ज आणि विम्यात शेतीसारख्या सवलतींचा मार्ग खुला झाला. बँकेत गेल्यावर हा निर्णय सोबत न्या.

धरणात मासेमारी करायची तर?

धरणांतली मासेमारी ठेक्याने दिली जाते आणि त्यात मच्छीमार सहकारी संस्थांना प्राधान्य असतं. संस्थेचं सभासदत्व आणि राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर नोंदणी, हे दोन्ही करून घ्या. नोंदणीकृत क्रियाशील मच्छीमारांना ५ लाखांचा अपघात विमा आहे आणि त्याचा हप्ता मच्छीमाराला भरावा लागत नाही.

शेतात अपघात झाला तर?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. वय १० ते ७५. मृत्यू किंवा दोन अवयव निकामी झाल्यास २ लाख, एक अवयव गेल्यास १ लाख. सर्पदंश, विजेचा धक्का, वीज पडणं, विहिरीत पडणं, रस्त्यावरचा अपघात, सगळं यात येतं. खातेदाराबरोबर घरातल्या आणखी एका व्यक्तीलाही संरक्षण आहे, तिचं नाव सातबाऱ्यावर नसलं तरी. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. दुःखात ही मुदत निघून जाते, म्हणून भावकीतल्या किंवा शेजारच्या कोणीतरी पुढे होऊन कागद गोळा करावेत.

पत्नीचं नाव सातबाऱ्यावर लावायचं आहे. खर्च किती?

लक्ष्मी मुक्ती योजनेत पती हयात असताना स्वतःच्या जमिनीवर पत्नीचं सहहिस्सेदार म्हणून नाव लावू शकतो, मुद्रांक शुल्क न भरता. अर्ज तहसील कार्यालयात.

अर्ज महिनोन्‌महिने ‘प्रलंबित’ दाखवतोय. कोणाला विचारायचं?

आधी पोर्टलवर अर्ज नेमका कुठल्या टप्प्यावर थांबलाय ते बघा. अनेकदा कागदातली त्रुटी तुमच्याकडे परत पाठवलेली असते आणि संदेश जुन्या मोबाइल क्रमांकावर गेलेला असतो. त्यानंतर सहायक कृषी अधिकारी, मग तालुका कृषी अधिकारी, मग जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी, याच क्रमाने, आणि दर वेळी लेखी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. सातबारा, फेरफार, दाखले यांसारख्या अधिसूचित सेवांना २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने मुदत ठरवून दिलेली आहे. ती टळली तर त्याच कायद्याखाली अपील करता येतं, वकील लागत नाही. पिकाविषयी शंका असेल तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात आणि फोन मोफत आहे.